स्टेरिंगवरच्या मुंग्या

आसेगाव, ता. मंगरूळपीर
१३ मे २०२५, सकाळ

चि. रत्नमाला हिस,
बाबाचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. तूही ठीक असशील असं धरून चालतो. नाशिकला आमच्यापेक्षा ऊन कमी असतं म्हणतात, पण कमी म्हणजे नसतं असं नाही. डोक्याला ओढणी बांधल्याशिवाय बाहेर पडू नकोस. झोपण्याआधी गॅसचं बटण पाहतेस का? मागे विचारलं तर तू हसलीस, उत्तर दिलंच नाहीस. हसण्यानं बटण बंद होत नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मी एका विषयाकडे वळलो की तुझ्याकडची रेंज जाते. कागदाची रेंज जात नाही. सातवी पास माणसाचं पत्र आहे. मास्तरणीच्या हाती पडलं तरी त्याच्यावर लाल पेन चालवू नकोस.

शाळेला सुट्या लागल्या, तू आली नाहीस. शिबिर आहे म्हणालीस. असेल. तुझ्या आईच्या पुण्यानुमोदनाला आली होतीस, त्यानंतर तू या घराचा उंबरा पाहिला नाहीस. मी तक्रार करत नाही. फक्त दारातल्या कडुनिंबाला यंदा फार मोहोर आला होता, तो तू पाहिला नाहीस एवढंच.

तू पाठवलेली शुगरची मशीन मिळाली. कुरिअरवाल्यानं ती शेलूबाजारच्या स्टँडवर अनुपच्या हाती दिली. त्यानं ती जीपमध्ये पुढं ठेवली, तर एका म्हातारीनं विचारलं, "काय हाय रे बाप्पा, मोबाईल घेतला का नवा?" अनुप म्हणाला, "नाही मावशी, बहिनीनं सुई धाडली मले टोचाले." मशीन घरी आल्यावर बरेच दिवस कपाटावर होती. मी रोज धूळ पुसायचो आणि परत ठेवायचो.

शेवटी सरितानं सोबतची चिठ्ठी वाचून सगळं समजावलं. तुझी वहिनी बारावी आहे, तिला पटकन कळतं. पट्टी मशीनमध्ये घालायची, पेनासारखी सुई बोटाला लावून खट्ट करायचं, थेंब पट्टीला टेकवायचा. पहिलं बोट मी दिलं. थेंब निघाला तेव्हा डोळे मिटले होते, सरितानं आकडा वाचला तेव्हा उघडले. शहाण्णव. उपाशीपोटी शंभरच्या आत म्हणजे चांगलं, असं चिठ्ठीत आहे. दुसऱ्या दिवशीही चांगलाच आला. रत्नमाला, मी शाळेत कधी पहिला आलो नाही. या म्हातारपणी मशीनमध्ये पहिला आलो तर मला लाज वाटली. रोग तुझ्या आईच्या रक्तातला. किन्हीराजा गावची तुझी आजी त्यानं आंधळी झाली, आई त्यानं गेली. त्या रक्ताचे तुम्ही दोघं, अनुप आणि तू. मला शहाण्णव येऊन काय उपयोग?

मग मी अनुपच्या मागं लागलो. तुला तो माहीतच आहे. जीपवर बसून बसून पोट सुटलं आहे, प्रत्येक फेरीला स्टँडवरचा तो पाकासारखा चहा. उन्हाळ्यात तहान सगळ्यांनाच लागते, पण तो माठाशी गेला की माझं लक्ष जातं. तो मोरीत गेला की जातं. एकदा तो ओरडला, "बाबा, तुमी माहं पानीबी मोजून राह्यले का? मले काई नाही झालं! काहून जीव खाता?" सरिता आतून म्हणाली, "एवढा मोठा गडी अन् सुईले भेतो." तो म्हणाला, "भेत नाही. वेळ नाही." मग मी हात जोडले, तेव्हा म्हणाला, "बरं, पुन्नमेले देतो बोट. बुद्धाच्या दिवशी मशीन खोटं नाही बोलनार."

काल बुद्ध पौर्णिमा झाली. सकाळी विहारात वंदना झाली, पंचशील झालं, आणि मग दरवर्षीप्रमाणे खीर. नानाजींनी यंदाही मोठ्या पितळी गंजात शिजवली. यंदा साखर जरा जास्तच पडली, दूध बरंच आलं होतं त्यामुळं. रस्त्यानं जाणारी प्रत्येक गाडी थांबवून पोरं द्रोण वाटत होती. अनुपनं दुपारभर ओगराळं धरलं होतं. टेम्पोवाले, मोटारसायकलवाले, लग्नाची एक गाडी, सगळ्यांना वाढली. स्वतः एक द्रोणही खाल्ला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. उरलेली खीर गंजासकट जीपमध्ये घालून वाटत वाटत घरी आला.

तू म्हणशील, बाबा खिरीचं एवढं काय सांगतात. बरं, खिरीचं राहू दे. आंबे यंदा गावठीच आहेत. वाऱ्यानं बरेच पडले. शेजारच्या भगवंतरावांनी वांगी आणून दिली होती, चांगली कोवळी.

एक विचारायचं होतं. मशीन कधी चुकते का? तू ज्या दुकानातून घेतलीस तिथं विचारून सांग. म्हणजे समजा एखाद्याला काहीच त्रास नाही, जेवतो-खातो आहे, आणि मशीन फार मोठा आकडा दाखवते. तर तो आकडा खरा धरायचा का? सहज विचारतो.

सहज नाही विचारत. लिहून टाकतो.

काल घरी आल्यावर अनुपनं गळ्यातल्या दुपट्ट्याला हात पुसले, खाटेवर बसला आणि बोट पुढं केलं. "घ्या, एकदाचं समाधान करून." मीच खट्ट केलं. मीच पट्टी लावली. आकडा आला चारशे बारा.

सरितानं मशीन हातात घेऊन उलटीसुलटी केली. अनुप हसला, आणि मग हसता हसता थांबला. मी पाहिलं, त्याचा चेहरा अगदी तुझ्या आईसारखा झाला होता. वाशीमच्या दवाखान्यात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिचा झाला होता तसा. ती मला म्हणाली होती, "आता गोडाचं गेलं म्हना," जणू एवढंच जाणार होतं. अनुप म्हणाला, "बाबा, ताईले सांगू नका." आणि तोंडावर दुपट्टा घेऊन आडवा झाला. म्हणून तुला सांगायचं नव्हतं. म्हणून आंबे आणि वांगी लिहीत बसलो.

आता सकाळ झाली आहे. काल मशीन तशीच खिडकीत राहिली होती, पट्टी लावलेली. आत्ता उचलायला गेलो तर तिच्यावर मुंग्या आहेत. बारीक तांबड्या. पट्टीवर, सुईच्या पेनावर, रांग लागली आहे.

तुला आठवत असेल. तुझ्या आईच्या वेळी आधी मोरीत मुंग्या आल्या होत्या. तिनं राख टाकली, मी रॉकेल टाकलं, आणि आम्ही दोघं मुंग्यांनाच शिव्या देत राहिलो. त्या काय सांगत होत्या ते पायाची जखम चिघळल्यावर कळलं.

बाहेर अनुप उठला वाटतं. पत्र थांबवतो.

तुझा घाबरलेला बाबा


आसेगाव
१८ मे

चि. रत्नमाला हिस,
सप्रेम जय भीम.

वरचं पत्र टाकलं नाही. पाकिटावर तुझा पत्ता लिहून झाला होता, पण त्याच सकाळी असं काही घडलं की ते राहून गेलं. आता दोन्ही एकाच पाकिटात घालतो. पहिलं फाडणार होतो. सरिता म्हणाली, "फाडू नका मामाजी, ताईले दिसू द्या." का ते पुढं लिहितो. आधी हे वाच आणि घाबरणं थांबव: अनुप चांगला आहे.

झालं असं. मी मुंग्यांकडे पाहत उभा होतो. अनुप तोंडही न धुता बाहेर गेला, जीपचं दार उघडलं, आणि तिथून ओरडला, "ह्या कायच्या मुंग्या बाप्पा! स्टेरिंगले मुंग्या लागल्या!"

मी दारातच बसलो. माझ्या डोक्यात काय आलं ते तुला सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला वाटलं, याच्या घामातूनही साखर जाऊन राहिली, एवढी वाढली. तळहाताच्या घामाला मुंग्या लागल्या. मी रडायला लागलो. मोठ्यानं.

सरिता चुलीवरचा चहा सोडून धावत आली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग जीपकडे गेली. स्टेरिंगवर मुंग्या, गिअरच्या दांड्यावर मुंग्या, दाराच्या कडीवर मुंग्या. परत आली, खुंटीवरचा अनुपचा दुपट्टा ओढला, तर तो मुंग्यांनी नुसता वळवळत होता. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मामाजी, एक सांगा. जीपलेबी शुगर झाली का?"

मी डोळे पुसले.

"दुपारभर कोन वाढत होतं खीर? हात धुतले होते का यानं? गंज कोनं धरला, स्टेरिंग कोनं धरलं, अन् मंग बोट कोनं देल्लं?" मग ती हसायला लागली. अनुप तिच्याकडे पाहत राहिला, मग स्वतःच्या तळहाताकडे. रात्री न जेवताच झोपला होता, तेव्हापासून हाताला पाणी लागलंच नव्हतं. त्यानं बोट जिभेला लावलं. म्हणाला, "हाव वं. गोड हाय."

आणि मग सरिता मला म्हणाली, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, "मामाजी, तुमी शेलूबाजारच्या काट्यावर जल्मभर मापारी होते ना? शेतकऱ्याचं पोतं चढवाच्या आंधी ताटली पुसून, काटा झिरोवर दाखवत होते का नाही? मंग घरच्या मानसाचं बोट काहून नाही पुसलं?"

खरं आहे, रत्नमाला. ताटलीवर मूठभर तूर चिकटलेली असली तर सारा तोल खोटा, हे मी किती नव्या पोरांना शिकवलं असेल. बाजारातल्या सोयाबीनसाठी मी ताटली पुसली. पोटच्या पोरासाठी नाही पुसली. भीतीनं माणूस आपलाच धंदा विसरतो.

सरितानं अनुपचे दोन्ही हात साबणानं घासून दिले, लहान पोराचे द्यावे तसे. नवी पट्टी घातली. तो अजून उपाशीच होता. सुईही तिनंच लावली, आणि बोटाच्या शेंड्याला न लावता कडेला लावली, तिथं दुखत नाही म्हणे. एकशे अठरा.

मी म्हटलं, परत पाहू. अनुप म्हणाला, "आता पाह्यलं ना बाबा!" मी म्हटलं, दुसऱ्या हाताचं. तेही तेवढंच आलं. तिसरं मागितलं तेव्हा सरितानं मशीन घेतली आणि पिठाच्या डब्यामागं लपवली.

एकशे अठरा म्हणजे शंभरापेक्षा जास्तच आहे, हे माझ्या लक्षात होतं. त्यामुळं माझं रडणं थांबलं तरी काळजी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मंगरूळपीरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शिरेतून रक्त घ्यायला लावलं. मागच्या तीन महिन्यांचा हिशेब एकाच थेंबात कळतो म्हणे, तशी तपासणी आहे. संध्याकाळी रिपोर्ट पाहून ते म्हणाले, "काठावर आहे. शुगर झालेली नाही, पण होण्याच्या वाटेवर आहे. इथून मागं फिरता येतं."

मी विचारलं, "म्हणजे होईल का?"

"काका, पोरगा स्वतःहून फिरला तर नाहीही होणार. वजन उतरवायचं, रोज चालायचं, चहातली साखर बंद. तीन महिन्यांनी परत दाखवा."

मग मी खिरीचं आणि मुंग्यांचं सांगितलं. एवढे गंभीर डॉक्टर, पण टेबलावर हात ठेवून हसले. म्हणाले, "मुंग्यांचे उपकार माना. त्यांनी तुम्हाला इथपर्यंत आणलं. नाहीतर हा पुढच्या पाच वर्षांत चिघळलेला पाय घेऊन आला असता." आणि मला ताकीद दिली की रोज सगळ्यांना टोचत बसू नका, पट्ट्या वाया जातात. हा गडी आठवड्यातून एकदा पाहील, हात धुऊन. आणि पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट लावायचं. मी म्हटलं, ते मी रोज तीन-चारदा तपासतो. ते म्हणाले, "तेही कमी करा."

निघताना त्यांनी कागदावर काही लिहिता लिहिता अनुपला विचारलं, "आईला होती. आजीला होती. भावंडं किती?"

"एक बहीन हाय, मोठी."

"तिचं पाहिलं का कधी?"

अनुप माझ्याकडे पाहायला लागला. मी सरिताकडे. सरिता जमिनीकडे.

हे लिहायला एवढी पानं लागली. ज्या विषयाला तुझी रेंज जाते तो हाच आहे, हे तुला पहिल्या ओळीलाच कळलं असेल. तू मशीन पाठवलीस भावासाठी. वडिलांसाठी पाठवलीस, ज्याला गरजच नव्हती. तशीच एक स्वतःसाठी घेतलीस का? मला वाटतं घेतली असशील. आणि तीही कपाटावर असेल.

परत येताना जीपमध्ये सरितानं मला सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, मी फार खोदून विचारलं. तुझ्या शाळेतले ते प्रसेनजित सर, त्यांनी तुला विचारलं आणि तू अजून हो म्हटलं नाहीस, नाही म्हटलं नाहीस. तू सरिताला म्हणालीस म्हणे, "आईसारखं माझं झालं तर कोणाच्या घरात पडून राहू?"

जीपच्या खिडकीतून मी सगळा रस्ता बाहेर पाहत होतो. शेतं उघडीबोडकी पडली होती.

अकोल्याच्या दवाखान्यात आईजवळ तूच राहिली होतीस. नर्स सुई घेऊन आली की ती तोंड फिरवायची आणि तुझ्याकडे पाहायची, हे मी दारातून बघत होतो. तिच्या वाटच्या सगळ्या सुया तू पाहिल्या आहेस. म्हणून तुला आता आपल्या बोटाकडे पाहवत नाही. हे मी तुला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला तुझ्याजवळ बसायला लागलं असतं, आणि मला घाबरलेल्या माणसाजवळ बसता येत नाही, मीच आधी घाबरतो.

पण पोरी, पहिलं पत्र परत एकदा वाच. भीती कशी असते ते त्याच्यात आहे. चारशे बारा हा आकडा खिरीचा होता, मी तो मरणाचा समजून बसलो. दिसेल तो आकडा घेऊन, ताटली न पुसता, मी पोराला अर्धं सरणावर ठेवलं. तूही तेच करून राहिली आहेस. फरक एवढाच की मी आकडा पाहून घाबरलो आणि तू न पाहताच. तुझा आकडा तू आईच्या बोटावरून लिहून ठेवला आहेस.

आईला आपण कधी वेळेवर तपासलं नव्हतं. तिला सांगणारं कोणी नव्हतं की काठावरून मागं फिरता येतं. तुला आहे.

लग्न कर किंवा करू नकोस, त्यात मी बोलणार नाही. सर चांगले असतील, नसतील, ते तू पाहा. पण नाही म्हणायचं तर त्यांना पाहून म्हण. सुईला भिऊन नको.

अनुपनं चहा फिका केला आहे. स्टँडवरचा चहावाला त्याला म्हणाला, "काय बे, बायकोनं डोस देल्ला का?" अनुप म्हणाला, "मुंग्यायनं देल्ला." संध्याकाळी तो आणि सरिता विहारापर्यंत आणि पुढं कॅनॉलपर्यंत चालत जातात. लोक पाहतात, म्हणून पहिले दोन दिवस सरिता हातात पिशवी घेऊन गेली, भाजीला चालल्यासारखी. आता तशीच जाते.

बाकी काय. माठ नवा आणला.

आधी हात धू, मग पाहा.

वाट पाहणारा,
तुझा बाबा


आसेगाव
४ जून

चि. रत्नमाला हिस,
सप्रेम जय भीम.

परवा सकाळी अनुपच्या मोबाईलवर तुझा फोटो आला. तो फेरीवर होता, त्यानं जीप बाजूला लावून मला फोन केला, "बाबा, ताईनं काहीतरी धाडलं. मी नाही पाहत. घरी येतो, मंगच पाहू." एवढा मोठा गडी, पण तोही. येईपर्यंत मी दारापासून कडुनिंबापर्यंत किती चकरा मारल्या, सरितालाच विचार.

तिघांनी मिळून पाहिला. मला आधी आकडा दिसलाच नाही. मला मशीन धरलेला तुझा हात दिसला. ओला होता. मनगटावर पाण्याचे थेंब होते. साबणाचा थोडा फेस अंगठीखाली राहिला होता. मग सरितानं आकडा वाचला. उपाशीपोटी एकशे एकतीस.

आणि संध्याकाळी तू स्वतः फोन केलास. रेंज गेली नाही. नाशिकच्या प्रयोगशाळेतही तेच निघालं, डॉक्टरांनी एक लहान गोळी दिली आहे, चालायला सांगितलं आहे, असं तू सांगितलंस. मी "हो, हो" म्हणत राहिलो आणि काहीच बोललो नाही, म्हणून हे पत्र.

तुझा आकडा अनुपच्या आकड्यापेक्षा मोठा आहे. तुझ्याकडे काठ नाही, एक पाय पाण्यात आहे. हे मला कळतं, मी मापारी आहे. त्या रात्री मी नीट जेवलो नाही, हेही तुला खरं सांगतो. पण सकाळी उठलो तेव्हा एक गोष्ट मनात आली. तुझ्या आईचा पहिला आकडा आपल्याला जखमेतून कळला होता. तुझा स्वच्छ धुतलेल्या बोटातून कळला. पाय चांगले, डोळे चांगले, आणि शाळेच्या जिन्यावरून तू अजून पळत चढतेस. दोन्ही मापं एकाच काट्यावर ठेवायची नसतात.

तपासायला तू एकटी गेली नाहीस हे तू ओझरतंच सांगितलंस. प्रसेनजित सर सोबत होते, आणि तुझं झाल्यावर त्यांनी आपलंही रक्त देऊन पाहिलं. मी काही विचारत नाही. फक्त त्यांचा आकडा किती आला? आणि ते चहात साखर घेतात का? राहू दे, विचारत नाही.

गोळी जेवणाआधी की नंतर, ते डॉक्टरांना नीट विचारून घे. रात्री गॅसचं बटण पाहा. चालायला जाशील तेव्हा रस्त्याच्या कडेनं चाल, नाशिकला गाड्या फार. चप्पल घट्ट घाल, बोटं झाकणारी. आता पायाला जपायचं.

शाळा उघडण्याआधी येते म्हणालीस, ते सरितानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे. ये. सरांना आणायचं तर आण, खाट आहे. यंदाच्या खिरीच्या गंजाला मी स्वतः कल्हई करून आणली आहे, पण तुझ्यासाठी खीर करणार नाही. भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा करू. तुझ्या आईच्या हातासारखा सरिताला अजून जमत नाही, पण जवळ आला आहे.

येताना मशीन आण. तुझी आणि अनुपची, दोन्ही खिडकीत शेजारी शेजारी ठेवू. आकडे मोठे आले तर मोठे, लहान आले तर लहान. मी तुझ्याजवळ बसेन. उठून दारात जाणार नाही. साबण नवा आणून ठेवला आहे.

थोडाच घाबरलेला,
तुझा बाबा